पाऊस पडून गेल्यावरची छत्री

वाकोडीकर सर पाऊस पडून गेल्यावर छत्री घेऊन बाहेर पडत. पावसाआधी नाही, पावसात तर कधीच नाही. वीज कडाडून, गारा पडून, कुणाच्या तरी घरावरचे पत्रे रस्त्यात येऊन पडले आणि पागोळ्या थांबल्या, की त्यांच्या फाटकाची कडी वाजायची. इस्त्रीचा पायजमा, कोरड्या चपला, काखेत मिटलेली काळी छत्री. मग ते डोंगरकडा गावच्या रस्त्याने नुकसान बघत सावकाश फिरत. ज्याचं सगळ्यांत जास्त गेलं असेल त्याच्यासमोर थांबत, मान डोलवत आणि म्हणत, "मला विचारलं होतं का?"

एवढंच. पुढे काही नाही. केळीची बाग आडवी झालेला माणूस चिखलात उभा असायचा, त्यालाही हेच. एका लग्नात भर दुपारी मांडव उडाला, तेव्हा नवरीच्या बापाला त्यांनी हेच विचारलं. सरांच्या मुठीत अक्षता अजून तशाच होत्या. त्यांना आधी माहीत होतं, तर ते स्वतः त्या मांडवात पुढच्या खुर्चीवर कशाला बसले होते, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आता विचारून काय उपयोग?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी कागदावर दोन रकाने आखून बसले होते. डावीकडची बाजू पानभर झाली. उजवीकडे, चांगल्याच्या बाजूला, दोन नोंदी सापडल्या. त्या दोन्ही मी लिहिणार आहे, कारण नोंद आहे ती खोडायची माझी सवय नाही.

सर तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सामानाबरोबर प्रयोगशाळेतलं एक लाकडी फळकूटही आलं. त्यावर दोन तापमापक शेजारी शेजारी बसवलेले. एक उघडा आणि दुसऱ्याच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. "राहून गेलं माझ्याकडं," असं ते त्याबद्दल म्हणत. कॉलेजचं कपाटही राहून गेलं असतं, पण ते टेम्पोत मावलं नसेल. हे फळकूट त्यांच्या ओट्यावर खिडकीजवळ टांगलेलं असे आणि त्याच्याखाली आरामखुर्चीत सर. रोज ठरल्या वेळी दोन्ही पारे वाचत, एका डायरीत आकडे लिहीत आणि डायरी मिटून मांडीखाली ठेवत. ती डायरी कुणाला दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मोबाइलवरून हवामान सांगणाऱ्यांवर त्यांचा फार राग. "'तुरळक ठिकाणी पाऊस.' तुरळक नावाचं गाव कोणत्या तालुक्यात आहे हो?" हे ते चहाच्या टपरीवर इतक्यांदा म्हणाले होते, की टपरीवाला त्यांच्या आधी हसून घ्यायचा. गावातल्या लोकांबद्दलही त्यांचं मत वेगळं नव्हतं. "यांना पाऊस डोक्यावर पडल्यावर कळतो," ते म्हणत. आम्हांला तो तसाच कळायचा हे खरं. पण मग सर, तुम्हांला आधी कळत होता तर तुम्ही काय केलंत? छत्री मिटून ठेवलीत.

माझं त्यांच्याशी काम पडलं ते हळदीमुळे. आमच्या बायकांच्या गटाचं हळद वाळवायचं खळं माझ्याकडे आहे. रस्त्याच्या कडेला चोपून घट्ट केलेली मुरमाची जागा, बाजूला एक पत्र्याची शेड. मार्च-एप्रिलात सोळा घरांची शिजवलेली हळद तिथे पसरलेली असते, प्रत्येकीचा वाफा वेगळा. बारा ते पंधरा दिवस कडक ऊन लागतं. या दिवसांत वर पाऊस पडला तर हळकुंडाचा रंग उतरतो. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे मालाच्या बाजारात, घेणारा एक हळकुंड मोडून आत बघतो आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडे जातो. त्याच्या न बोलण्यात सोळा घरांचं वर्ष असतं.

कुणी म्हणेल, मग ताडपत्री टाकून ठेवावी. तेही जमत नाही. भर उन्हात झाकली की हळदीला आतून घाम फुटतो. दोन तासांत चिकट होते, दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते. म्हणजे उगाच झाकलं तरी नुकसान, झाकायचं राहिलं तरी नुकसान. कुणाची हळद कितव्या दिवसात आहे, कुणी किती वेळा हलवली, किती ताडपत्र्या धड आणि किती फाटक्या, सगळ्याची माझ्याकडे यादी होती. आभाळाचा रकाना तेवढा रिकामा होता.

पहिल्याच वर्षी एका दुपारी वादळ आलं आणि पुढचे चार वाफे भिजले. त्यातला एक सक्रूबाईचा. सक्रूबाई तांड्यावरची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि तोंडाने कुणालाही हार न जाणारी. ती ओली हळकुंडं पदरात घेऊन बसली होती. तेवढ्यात सर आले, कोरडे, छत्रीसह.

"मला विचारलं होतं का?"

सक्रूबाईने वर बघितलं. "न्हाई इचारलं, सर. पर तुमाला तोंड न्हवतं का?"

सर हसले. "न मागता दिलेल्या ज्ञानाला किंमत नसते, बाई."

ते गेल्यावर सक्रूबाई म्हणाली, "ह्या मानसाच्या घराला आग लागली तर मी बी बादली घेऊन उभी ऱ्हाईन, अन् म्हनंन, मागितलं का पानी?" बायका हसल्या. मी हसले नाही. मी वही काढली आणि रोजच्या कामांत एक ओळ वाढवली : अकरा वाजता, सरांना विचारणे.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला मी त्यांच्या ओट्यावर हजर झाले.

"सर, विचारायला आले."

"काय?"

"आज पाऊस येईल का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं एकदम कसं सांगता येईल?"

"काल तर म्हणालात, विचारलं नाही म्हणून."

"विचारायलाही एक पद्धत असते, सुमनबाई."

"पद्धत सांगा. लिहून घेते."

आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. काकू म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत त्या हसलेल्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या. सरांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसूनच राहिले, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. ही माझी पहिली चांगली नोंद.

"दोन भाऊ शेताच्या मधोमध भांडताना कधी पाहिलेत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भांडण बांधावर होतं. हवेचंही तसंच. या दिवसांत आपल्याकडं दोन वारे असतात. एक मावळतीचा, खानदेशाकडून तापून आलेला, कोरडा ठणठणीत. दुसरा उगवतीचा, नांदेड-हदगावच्या अंगानं येणारा, लांबच्या समुद्राची ओल घेऊन. दोघं समोरासमोर येतात तिथं बांध पडतो. कुणालाच मागं सरायचं नसतं. खाली जमीन. मग हवा जाणार कुठं?"

"वर."

"वर. ओली हवा वर गेली की गार होते, ढग धरतो. ढगावर ढग चढतो, मनोरा होतो, अन् तीन-चारच्या सुमाराला फुटतो. बांधापासून दहा कोस लांब असलात तर दिवसभर ऊन खा."

"आणि बांध कुठे आहे ते कसं कळायचं? शेतातला दिसतो. हवेतला कसा दिसेल?"

त्यांनी अंगठ्याने मागचं फळकूट दाखवलं. "कोरडा पारा आणि ओला पारा. दोघांतलं अंतर जास्त, तर आपण कोरड्या भावाच्या शेतात. अंतर कमी, तर ओल्याच्या. सकाळी कमी होतं अन् दुपारी एकदम वाढलं, की समजायचं, बांध आपल्या डोक्यावरून सरकला. शेतातला बांध रात्रीतून सरकवतात. हा भरदिवसा सरकतो."

मला एका बैठकीत समजलं. शाळेत सात वर्षं भूगोल शिकले, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "सर, इतक्या वर्षांत हे गावात कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

माझ्या मनात तयार होऊ लागलेला आदर तिथेच खाली बसला.

पुढे मी वहीत तीन रकाने केले : तारीख, हो किंवा नाही, सरांची सही. सही म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ झाले. पहिले काही दिवस "शक्यता नाकारता येत नाही" असं लिहून बघितलं. मी वही परत त्यांच्यापुढे सरकवली. "सर, ताडपत्री एक तर टाकतात, नाही तर टाकत नाहीत. नाकारता न येणारी ताडपत्री नसते." मग त्यांनी हो-नाही सुरू केलं. माणूस पावसापेक्षा सहीला किती भितो, हे मला त्या ओट्यावर कळलं.

एके दिवशी त्यांनी "हो" लिहिलं. आम्ही एक वाजता सोळाही वाफे झाकले. संध्याकाळपर्यंत लखलखीत ऊन. हळदीला घाम फुटला, दुसऱ्या दिवशी निम्म्या वाफ्यांवर बुरशीचे ठिपके. पाऊस पडला होता, पण तिकडे औंढ्याच्या बाजूला, जवळा बाजार गावात. सर रस्त्याने चालले होते, सक्रूबाईने त्यांना थांबवलं.

"सर, तुमचा पाऊस काल जवळा बाजारला गेलता म्हनं. बाजाराचा वार होता का?"

सरांचा चेहरा उतरला. "मी बांध सांगितला होता. बांध होताच. बांधाच्या कोणत्या टोकाला डोकी फुटतील, ते मला कसं कळणार?"

आज वाटतं, त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यांत खरं वाक्य होतं. रेघ कळते, रेघेवरची जागा कळत नाही. पण तेव्हा माझ्या हातात बुरशीची हळद होती. मी म्हणाले, "मग आधीच म्हणायचं ना, कळत नाही म्हणून. छत्री घेऊन गावभर कशाला फिरता?" हे मी रस्त्यात, चार लोकांसमोर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वहीत रोज "नाही". पाऱ्याकडे न बघता "नाही". मी ओट्याची पायरी चढायच्या आत त्यांचं पेन उघडलेलं असे. हिशेब सोपा होता. एप्रिलात पाऊस नसण्याचेच दिवस जास्त, म्हणजे रोज "नाही" म्हणणारा बहुतेक दिवस बरोबर ठरतो. ज्या माणसाला दोन वाऱ्यांचा बांध समजला होता, तो माणूस आता बंद पडलेल्या घड्याळासारखा बरोबर येऊ लागला. यापेक्षा टपरीवाला बरा. तो निदान चहा तरी देतो.

पुढच्या वर्षीच्या चैत्रात सोळाही घरांची हळद एकदम बाराव्या दिवसात होती. अजून दोन उन्हं मिळाली असती, की काम संपलं असतं. त्या दिवशी अकरा वाजता सरांनी लिहिलं, "नाही". सही केली. आभाळ घासलेल्या ताटासारखं.

पावणेतीनला सर रस्त्याने येताना दिसले. आधी ओळखूच आले नाहीत, कारण ते पळत होते. अंगात नुसती बनियन, पाय अनवाणी, काखेत छत्री नाही.

"झाका! सुमनबाई, झाका लवकर!"

मी आभाळाकडे बघितलं. उगवतीला लांब, मातकट काहीतरी होतं. डोक्यावर ऊन.

"सर, काय झालं?"

"हदगावकडं ढग फुटून गेलाय." त्यांना दम लागला होता. "तिथली गार हवा जमिनीवरून सांडत इकडं आलीय. हा वारा लागतोय का तुम्हाला? हा त्याचाच. सकाळी बांध निपचित पडला होता, मी म्हटलं काही होत नाही. आता त्याला खालून पाचर बसणार. इथंच उठणार, आपल्या डोक्यावर. अर्धा तास आहे, झाका!"

वारा लागत होता. गार होता, ओल्या मातीचा वास होता. मला तो लागला होता, हे मी लिहून ठेवते. पण माझ्या एका हातात वही होती आणि डोक्यात गेल्या वर्षीची बुरशी. मी पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"सर, ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि हे काय लिहिलंय?"

"नाही," सर म्हणाले.

सक्रूबाई शेडमधून ओरडली, "काहून पळून राहिले सर? आता तर तुमाला कुनी इचारलं बी न्हाई!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

सर वळले आणि सगळ्यांत जवळच्या वाफ्यावर एकट्याने ताडपत्री ओढू लागले. वारा ती उलटवत होता. ते गुडघे टेकून तिच्यावर दगड ठेवत होते, एका कोपऱ्यावर ठेवला की दुसरा उडत होता. वाफा नेमका सक्रूबाईचा. "ओ सर, राहू द्या! माझ्या हळदीला घाम सुटंल! तुमच्या पाया पडते, राहू द्या!" तिचं ओरडणं ऐकूनही ते थांबले नाहीत. तो झाला, मग शेजारचा. बाकी आम्ही पंधरा-सोळा जणी उभ्या राहून बघत होतो. एका म्हाताऱ्या माणसाची तमाशासारखी मजा बघत होतो.

डोक्याच्या जरा मावळतीला एक पांढरा ढग दिसला. बघता बघता तो दूध उतू जावं तसा वर चढला, खालून काळा पडला आणि उन्हाचा दिवा विझला. मग आम्ही पळालो. पण सोळा वाफे एकदम झाकायचे तर अर्धा तास लागतो आणि तो आम्ही हसण्यात घालवला होता. पाच-सहा वाफ्यांवर अर्ध्या ताडपत्र्या पडल्या, तेवढ्यात थेंब आले, थेंबांमागून गारा. रस्त्याकडेच्या लिंबाखाली दोघी धावल्या, तर सर ओरडले, "झाडाखाली नको! शेडमधी या!" त्या शेडमध्ये आल्या. वीज कुठेतरी जवळच पडली. लिंबावर नाही पडली, पण पडायला तिला कुणाची परवानगी नको होती.

कोरडे राहिलेले वाफे दोन. दोन्ही सरांनी झाकलेले. ही दुसरी चांगली नोंद.

शेडमध्ये ते भिजलेल्या बनियनने चष्मा पुसत होते. त्याने काच जास्तच ओली होत होती. मी त्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. सक्रूबाईने पदराचं कोरडं टोक त्यांच्यापुढे धरलं. मला वाटलं, माणूस बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या फाटकाची कडी वाजली. इस्त्रीचा पायजमा, कोरड्या चपला, काखेत छत्री. आम्ही चौदा वाफ्यांची भिजलेली हळद पुन्हा पसरत होतो. सर माझ्यासमोर थांबले, मान डोलवली.

"आणि या वेळी तर विचारलंही नव्हतं. तरी सांगितलं."

ते वाक्य त्यांनी मरेपर्यंत वापरलं. एसटीच्या थांब्यावर, न्हाव्याकडे, दुसऱ्यांच्या मयतीला. मला दिसले की हमखास. आणि ते खरं होतं. सरांचं चुकणं सोसायला सोपं होतं. त्यांचं बरोबर असणं सोसणं कठीण होतं, कारण ते दर वेळी आपल्याच पायाच्या बोटांवर उभं राहून आपल्याशी बोलायचं.

माघात, आभाळ अगदी निरभ्र असताना ते गेले. तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेले. ओट्यावर फळकूट तसंच होतं. बाटलीतलं पाणी आटलं होतं, चिंधी वाळून कडक झाली होती आणि दोन्ही पारे एकाच आकड्यावर उभे होते. मी तासभर बसले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, चप्पल घातली. मग मागे वळले.

"काकू, हे मला द्याल का?"

काकूंनी लगेच फळकूट खुंटीवरून काढलं. आधीच पुसून ठेवलेलं दिसलं. "सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "सुमनबाईंनी विचारलं तर द्या. नाही विचारलं, तर राहू द्या."

ते फळकूट आता खळ्याच्या शेडमध्ये आहे. चिंधी दर सोमवारी बदलते. अकराचा रकाना मी स्वतः भरते आणि त्याच्या शेजारी तीनचा आणखी एक रकाना केला आहे. तीनला पहिलं उत्तर पुसून नवं लिहायची मुभा आहे. सही कुणाचीच नसते.

या एप्रिलात एका दुपारी हदगावकडून तसाच गार वारा आला. आम्ही आमचे वाफे झाकले. रस्त्यापलीकडे गणपतरावांचं स्वतःचं खळं आहे. ते आमच्या गटात नाहीत आणि माझ्या यादीतही नाहीत. त्यांची हळद उघडी होती आणि ते खाटेवर मोबाइल बघत पडले होते. मी रस्ता ओलांडून गेले.

"गणपतराव, झाका."

त्यांनी मान वर केली नाही. "ताई, तुमाला इचारलं का कुनी?"

मी ताडपत्रीचं एक टोक उचललं. पलीकडून दुसरं टोक उचललेलं दिसलं, ते सक्रूबाईने. ती माझ्या मागोमाग कधी आली ते मला कळलं नव्हतं. गणपतराव शिव्या देत उठले, पण आम्ही दोघींनी त्यांचे सगळे वाफे झाकले.

पाऊस आला नाही. ढग पुढे जाऊन कुठे फुटला ते कळलं नाही. गणपतरावांच्या हळदीला घाम आला आणि ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी वही काढून बघितली. तीनच्या रकान्यासमोर रोजच्या कामांत मी जी ओळ वाढवली होती, ती खोडायचं काही कारण सापडलं नाही : न विचारता सांगणे.